एकचाकी शिकायची तर आधी एका पायावर तरंगायला शिका

ठाण्याहून एका गृहस्थांनी विचारलंय. वय ४३, वजन ७८ किलो. ओळखीतून त्यांनी सोळा इंची, वापरलेली इनमोशन व्ही८ ही इलेक्ट्रिक युनिसायकल घेतली, म्हणजे मोटरवर चालणारं एकच चाक आणि दोन्ही बाजूंना उभं राहायला न फिरणारी पेडल. चार संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कंपाउंडची भिंत धरून सराव केला. भिंत धरली की दोन्ही पायांवर उभं राहता येतं, हात सुटला की दोन फुटांत खाली. उजवी पोटरी आतल्या बाजूने घोट्यापर्यंत काळीनिळी झाली आहे. ‘विकून टाका’ असा घरून आग्रह सुरू झालाय. त्यांचे प्रश्न असे: वय आड येतंय का? बाजूला लावायची छोटी चाकं घ्यावीत का? किती दिवस लागतील? आणि पुढे याच्यावरून स्टेशनला जाता येईल का?

वयाचा प्रश्न आधी मिटवतो. मी सात वर्षं पुण्यात ही चाकं चालवतोय आणि या काळात दहा-बारा जणांना शिकवलंय. त्यातल्या सर्वांत मोठ्या बाई ५८ वर्षांच्या होत्या, नुकत्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या नवव्या दिवशी कोणाच्याही आधाराशिवाय मैदानाला फेरी मारत होत्या. सर्वांत जास्त दिवस लागले ते एका २६ वर्षांच्या तरुणाला, कारण तो तुमच्यासारखाच भिंत सोडायला तयार नव्हता. तुमची अडचण त्या भिंतीत आहे. ती का, हे नीट समजलं तर पुढचा निम्मा रस्ता सोपा होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

लहानपणी तळहातावर काठी उभी धरायचा खेळ आपण सगळेच खेळलोय. काठी पुढे कलली की हात पुढे न्यायचा, मागे कलली की मागे. हे यंत्र तुमच्या पायाखाली तेच करतं. आतले जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सेलरोमीटर पेडल किती कललंय ते सतत मोजत असतात आणि मोटर त्या दिशेला चाक पळवून तुमच्या वजनाखाली आणते. तुम्ही पुढे झुकता म्हणून ते पुढे जातं, मागे रेलता म्हणून थांबतं. पण हा सगळा हिशोब फक्त पुढच्या-मागच्या तोलाचा आहे. डावी-उजवीकडचा तोल यंत्र जराही सांभाळत नाही, तो पूर्णपणे तुमचा. हॉवरबोर्ड पोरंसोरं दहा मिनिटांत शिकतात, मग याला इतका वेळ का, असं मला नेहमी विचारतात. हॉवरबोर्डला शेजारी शेजारी दोन चाकं असतात, त्यामुळे आडव्या तोलाचा प्रश्नच येत नाही. गंमत म्हणजे दोन्ही कल्पना एकाच माणसाच्या. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातले शेन चेन यांनी २०११च्या सुमारास सोलोव्हील नावाचं एकचाकी बाजारात आणलं आणि हॉवरबोर्डची कल्पनाही नंतर त्यांनीच मांडली.

आता आडवा तोल कसा सांभाळायचा? सायकल आठवा. सायकल डावीकडे पडायला लागली की आपण नकळत हँडल डावीकडे वळवतो, चाक आपल्या खाली येतं आणि आपण सावरतो. इथे हँडल नाही, पण टायरचा आकार गोलसर आहे. चाक डावीकडे कललं की ते डावीकडे वळतं. म्हणजे सावरायची तीच युक्ती इथेही आहे, फक्त ती हाताऐवजी पायांनी आणि कमरेने करायची. मात्र त्यासाठी चाक फिरत असलं पाहिजे. जागेवर उभ्या चाकाला वळता येत नाही आणि वळता येत नसेल तर सावरताही येत नाही. भिंतीला धरून तुम्ही चार संध्याकाळी नेमकी हीच गोष्ट करत होता: उभं राहून तोल साधायचा प्रयत्न. तो मलाही सात वर्षांनी फार तर काही क्षण जमतो. भिंत धरून शरीर एकच शिकतं, भिंतीकडे वजन टाकायला. म्हणून हात सुटला की तुम्ही त्याच बाजूला पडता. आठवून बघा, बहुतेक वेळा तसंच झालं असेल.

तेव्हा भिंतीला आजपासून रजा द्या आणि पार्किंगलाही. पार्किंगमध्ये खांब, गाड्या, रॅम्पचा उतार. या सगळ्यामुळे माणूस हळूच जात राहतो आणि हळू जाणं हेच सर्वांत अवघड आहे. तीस-चाळीस मीटर सपाट, मोकळी, डांबरी किंवा काँक्रीटची जागा शोधा. रविवारी सकाळी परवानगी काढून शाळेचं बास्केटबॉल कोर्ट मिळालं तर उत्तम. गवत मऊ वाटतं म्हणून लोक तिथे जातात, पण गवतात चाक अडतं, झटके बसतात आणि तोल कशामुळे गेला तेच कळत नाही. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांवरही नवख्याने जाऊ नये.

पहिल्या दिवशी चढूच नका. चाक चालू करा, वरचं हँडल धरा आणि त्याला शेजारी घेऊन दहा मिनिटं फिरा. थोडं पुढे कलवा, ते धावेल; मागे कलवा, थांबेल. आडवं पाडून बघा, मोटर आपोआप बंद पडते. चालू चाक जमिनीवरून उचललं की ते हवेत जोरात फिरू शकतं, म्हणून उचलायच्या आधी बंद करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. बोटं, बुटांच्या नाड्या, सैल पायजमा किंवा ओढणी चाकाजवळ येऊ देऊ नका.

मग एक पाय. इथे घाई करू नका, कारण सगळं शिक्षण इथेच आहे. तुमचा जोराचा पाय कोणता, तो पहिल्या पेडलवर. उजव्या बाजूला मार बसलाय, त्यावरून तो उजवाच असावा. पायाचा मधला भाग चाकाच्या अक्षावर यायला हवा. फक्त चवडा ठेवलात तर यंत्राला वाटतं तुम्ही पुढे झुकलात आणि ते सुटतं. पाऊल चाकाभोवतीच्या कवचाला जवळजवळ चिकटलेलं. एका पेडलवर वजन आलं की चाक त्या पायाकडे कलतं आणि पोटरीच्या आतल्या बाजूला टेकतं. ते टेकू द्या. तळवा आणि पोटरी अशा दोन जागी चाक धरलं जातं आणि त्यातूनच तुम्ही त्याला सरळ ठेवता. तुमच्या जखमा इथल्याच आहेत. उभं राहून तोल साधताना पोटरी कवचावर जिवाच्या आकांताने दाबली जाते, म्हणून ते काळंनिळं. फुटबॉलवाले नडगीला बांधतात ती गार्ड घ्या आणि आतल्या बाजूला फिरवून बांधा. जुनी योगा मॅट कापून कवचाभोवती टेपने गुंडाळा. त्याने पायही वाचतो आणि चाकही. वापरलेलं का असेना, पडून पडून त्याचे कोपरे फुटायला नकोत.

दुसरा पाय जमिनीवर शेजारी. आता लहान मुलं स्कूटरला जमिनीवरून पाय मारतात तसं हलकं ढकला. सुरुवातीला लंगडीसारखं होईल: एक पाऊल पेडलवर, एक जमिनीवर टेकत, उचलत, टेकत. चाक पेडलवरच्या पायाच्या बाजूला वळत राहील. वळू दे. घाबरून वाकू नका, पोटरीने त्याला किंचित बाहेर ढकलत राहा. दहा-पंधरा मिनिटांत टेकणारा पाय हलका होत जातो. आधी दर पावलाला वजन टाकत होता, आता नुसता शिवून येतो. मग मनात मोजायला लागा. पाय उचलला, ‘एक’, टेकला. ‘एक-दोन’, टेकला. ज्या दिवशी ‘एक-दोन-तीन’ म्हणेपर्यंत, चार-पाच मीटर, तुम्ही एका पायावर सरळ तरंगलात, त्या दिवशी तुम्ही चाक शिकलात असं मी समजतो. दुसरा पाय ठेवणं ही त्यापुढची छोटी गोष्ट आहे.

अनेकजण ही पायरी गाळतात, कारण ती दिसायला बालिश वाटते आणि त्यात ‘चालवतोय’ असं वाटत नाही. मी शिकवताना पहिले दोन दिवस दोन्ही पाय ठेवूच देत नाही. एका पायावर तरंगताना दोन गोष्टी आपोआप होतात. पडायची भीती जाते, कारण दुसरा पाय जमिनीपासून चार इंचांवरच असतो. आणि चाक कललं की वळतं, वळलं की सावरता येतं, हे पायाला कळतं. डोक्याने समजून ते कधीच कळत नाही. एकूण सरावातला पाव वेळ दुसऱ्या पायालाही द्या. पहिले दोन दिवस तो अगदी परक्यासारखा वागेल, पण पुढे रस्त्यात खड्डा आला आणि एक पाय उडाला तर हाच सराव वाचवतो.

दुसरा पाय ठेवायची वेळ आली की वेग हवा. तो नेमका किती, हे सांगायचं तर भरभर चालण्यापेक्षा जास्त, ताशी आठ-दहा किलोमीटर. ढकलून तेवढा वेग घ्या, एका पायावर तरंगा आणि मग दुसरं पाऊल अलगद ठेवा. झोपलेल्या बाळाशेजारी आपण पाय ठेवतो तसं. धाडकन टाकलात तर चाक त्या बाजूला कलंडेल. खाली बघू नका. पाऊल वाकडं पडेल, अर्धं बाहेर राहील. तसंच पाच मीटर जा आणि सरळ समोर, मैदानाच्या टोकाच्या झाडाकडे बघा. नजर पायाकडे गेली की डोकं खाली जातं, डोक्यामागे खांदे, आणि यंत्र त्याचा अर्थ ‘वेग वाढव’ असा घेतं. पावलाची जागा नंतर चालत्या चाकावरच टाच-चवडा सरकवत सुधारता येते. उतरायचं कसं, तर हळू व्हा आणि शेवटी ठेवलेला पाय आधी जमिनीवर टेकवा. उतरण्याचा सरावही चढण्याइतकाच करा. चढता येतं पण उतरता येत नाही म्हणून माणसं मैदानात फेऱ्या मारत राहिलेली मी पाहिली आहेत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता सोपं आहे. बाजूची छोटी चाकं घेऊ नका. चाकाला कलूच न देणं हे त्यांचं काम आणि कलल्याशिवाय ते वळत नाही, वळल्याशिवाय तोल सावरत नाही. शिवाय ती एखाद्या फटीत अडकली की सरळ तोंडावर. हँडलला नायलॉनचा पट्टा बांधून हातात धरणं मात्र एका पायाच्या सरावापुरतं चांगलं आहे, चाक सुटून कुणाच्या गाडीवर जात नाही. पट्टा हातातच असावा, मनगटाला किंवा कमरेला बांधू नका, आणि दोन्ही पाय ठेवायला लागलात की काढून टाका. मदतीला कोणी असेल तर त्यांनी तुमचा हात धरू नये. तुम्ही त्यांच्या खांद्यावर हलका पंजा ठेवायचा आणि त्यांनी शेजारून चालायचं. हात धरला की दोघंही एकमेकांना ओढतात.

वेळ किती लागेल? माझ्या अनुभवात चार ते बारा तासांचा प्रत्यक्ष सराव, एक-दोन आठवड्यांत विभागलेला. विभागलेला हे महत्त्वाचं. वीस-पंचवीस मिनिटं सराव, विश्रांती, पुन्हा वीस मिनिटं, आणि बस्स. थकलेले पाय चुकीच्या सवयी पकडतात. शिवाय शरीर अशी कौशल्यं झोपेत पक्की करतं. संध्याकाळी जे अजिबात जमलं नाही ते दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच प्रयत्नात जमलं, असं मी जवळपास प्रत्येकाच्या बाबतीत बघितलंय. तळपाय भयंकर दुखतील. भीतीने आपण बोटांनी बुटाचा तळ पकडून ठेवतो, त्याचं ते दुखणं. दर पाच मिनिटांनी उतरा, पाय झटका. बूट सपाट तळाचे, घोटा झाकणारे, चप्पल-सँडल नको.

आता मनगटाबद्दल, आणि इथे मी जरा आग्रहाने बोलणार आहे. पहिल्या महिन्यात मी हेल्मेट घालायचो, गुडघ्याला पॅड बांधायचो, मनगटाला काही नाही. ताशी दहाच्या वेगाने जाताना एका सिमेंटच्या उंचवट्यावर चाक अडलं, मी पुढे पडलो आणि सगळे टेकतात तसे दोन्ही हात टेकले. मनगट दुखत होतं, पण एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही म्हणून मुरगळ समजून दहा-बारा दिवस काढले. दुखणं जाईना म्हणून पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा स्कॅफॉइड मोडल्याचं दिसलं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात असलेलं हे छोटं हाड. त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते सावकाश जुळतं, आणि त्याची मोड पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. माझे जवळजवळ तीन महिने प्लास्टरमध्ये गेले. म्हणून कळकळीने सांगतो: पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल तर ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर थांबू नका, हाडांच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवा. आणि स्केटिंगवाले वापरतात ती रिस्ट गार्ड, तळव्यावर कडक प्लास्टिकची पट्टी असलेली, पहिल्या मिनिटापासून घाला. ती पट्टी जमिनीवर घसरते, त्यामुळे सगळा धक्का मनगटात जात नाही. हेल्मेट, गुडघा आणि कोपर ही पॅड आहेतच. पुढे वेग पंचवीसच्या वर जाणार असेल तर हनुवटी झाकणारं पूर्ण हेल्मेट घ्या. इथे पुढे पडताना धरायला हँडल नसतं, तोंड आधी येतं.

तुमच्या चाकाची थोडी तयारीही सांगतो. वापरलेलं आहे, तेव्हा चालवण्याआधी पेडल हलतात का, बेअरिंगचा खरखर आवाज येतो का, कवचावर पाण्याचे डाग आहेत का ते पाहा. आधीच्या मालकाला विचारा, कधी पावसात बुडालं होतं का. टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या खाली राहून, तुमच्या वजनाला मी सुरुवातीला साधारण ३५ पीएसआय हवा भरेन. फार कमी हवेत चाक वळायला जड लागतं आणि खड्ड्यात रिम वाकते. फार जास्त हवेत ते चंचल होतं. अ‍ॅपमध्ये पेडलची प्रतिक्रिया कडक ठेवा, मऊ सेटिंगमध्ये पेडल हलत राहतं आणि नवख्याला भरवसा वाटत नाही. वेगाची मर्यादा सुरुवातीला पंधरावर लावा. मर्यादा आली की पेडलचा पुढचा भाग वर उचलला जाईल. ते ढकलून दाबायचं नसतं, मागे रेलायचं असतं. पहिल्यांदा घडेल तेव्हा दचकू नये म्हणून आधीच सांगून ठेवतो.

दोन्ही पायांवर जायला लागलात की पुढचे दोन दिवस आनंदाचे असतात आणि त्याच आनंदात लोक वेग वाढवतात. त्याऐवजी ब्रेक शिका. खुर्चीवर बसायला जातो तसं गुडघे वाकवून मागे बसायचं. नुसतं डोकं किंवा खांदे मागे टाकले तर वजन फारसं सरकत नाही. जमिनीवर पुढे-मागे दोन पाण्याच्या बाटल्या ठेवा, पहिलीपाशी ब्रेक सुरू करायचा, दुसरीपाशी पोचण्याआधी थांबायचं, रोज दोघींमधलं अंतर कमी करायचं. जोरात ब्रेक मारताना चाक डावी-उजवीकडे थरथरायला लागतं, तो अनुभव प्रत्येकाला येतो. ताठ पाय हे त्याचं मोठं कारण. गुडघे सैल करा, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित पुढे ठेवून बघा, वजन एका पायाकडे जरा जास्त द्या, थरथर मोडते. वळायला आधी डोळे, मग खांदे, मग कंबर. चाक त्यांच्या मागून येतं. आठाचा आकडा काढत राहा. आधी बास्केटबॉल कोर्टभर, मग त्याच्या अर्ध्यात.

वेगाबद्दल एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण इथे चुकलात तर रिस्ट गार्डही पुरे पडत नाही. इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी संपली किंवा मोटर बंद पडली तर सायकल हळू होते. या चाकाची मोटर बंद पडली तर तुम्ही उभेच राहू शकत नाही, कारण तुमचा पुढचा तोलच तिच्या हातात आहे. त्यामुळे मोटरकडे नेहमी शिल्लक ताकद असली पाहिजे. वेग जितका वाढतो तितकी ही शिल्लक कमी होते, कारण फिरती मोटर स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते आणि बॅटरीच्या व्होल्टेजमधून वापरायला उरतं ते कमी कमी होत जातं. व्ही८च्या बॅटरीत एकामागून एक वीस सेल जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट, म्हणजे ८४. वापर होत गेला की प्रत्येक सेल साडेतीनच्या आसपास येतो, म्हणजे ७०. त्याच वेगाला आता ताकद कमी उरली. त्यात चढ आला, समोरून वारा आला, वजन ७८ किलो, आणि एखाद्या गतिरोधकावर तुम्ही झुकलात, की मागणी ताकदीच्या पुढे जाते आणि पेडल पुढे कोसळतं. वाजणारा बीप याच्याचसाठी आहे. बीप वाजला की लगेच वेग कमी करायचा, ‘आणखी थोडं’ म्हणायचं नाही. बॅटरी ३० टक्क्यांच्या खाली गेली की मी आजही सायकलच्याच वेगाने जातो.

उलट बाजूही आहे. ब्रेक मारताना मोटर बॅटरीत वीज परत घालते. तुम्ही घोडबंदर रोडच्या वरच्या बाजूच्या एखाद्या चढावर राहत असाल आणि बॅटरी शंभर टक्के भरून लगेच उतार उतरू लागलात, तर परत आलेली वीज ठेवायला जागा नसते आणि यंत्र तक्रार करतं. अशा ठिकाणी नव्वदच्या आसपास भरून निघावं. एरवी अधूनमधून पूर्ण भरून चार्जर आणखी तासभर तसाच ठेवा, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर येतात. पण महिनाभर वापरणार नसाल तर निम्म्यावर ठेवा. चार्जर त्याचाच वापरा, आणि चार्जिंग पलंगाखाली किंवा घराबाहेर पडायच्या वाटेवर नको. चाक जोरात आपटलं असेल, फुगलेलं किंवा गरम वाटत असेल तर चार्ज न करता दाखवून घ्या. विमानातून न्यायचा विचार असेल तर तो सोडा. प्रवासी विमानात १६० वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी चालत नाही आणि तुमची जवळजवळ ४८० ची आहे.

पावसाळ्यात मी चाक बाहेर काढत नाही. शेवाळलेले पेव्हर, ओली गटाराची झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचे ओले पांढरे पट्टे, तिन्हींवर टायर आडवा सरकतो, आणि एकाच चाकावर आडवं सरकणं म्हणजे थेट पडणं. पाण्याखाली किती खोल खड्डा आहे ते कळत नाही, हे तर ठाण्यातल्या माणसाला मी सांगायला नको.

शेवटी स्टेशनचं. तुमची इच्छा मला समजते, मीही त्याच विचाराने घेतलं होतं. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीच्या वाहनाला नोंदणीतून सूट मिळते ती मोटरची पॉवर २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तरच. तुमची मोटर ८०० वॅटची आहे, तेव्हा ती त्या सुटीत बसत नाही, आणि नंबरप्लेट घेऊन नोंदवावी असा मार्गही या प्रकारच्या वाहनाला आपल्याकडे नाही. अपघात झाला, कुणी पादचारी जखमी झाला, तर विमा नाही आणि बाजू मांडायला काही नाही. ‘युरोपात तर चालतं’ असं मला कितीदा तरी ऐकवलं गेलंय. तिथेही सगळीकडे सारखं नाही. फ्रान्सने २०१९च्या नियमांत ताशी २५ची मर्यादा घालून सायकलमार्गांवर त्याला जागा दिली. जर्मनीने त्याच वर्षीच्या नियमांत हँडल किंवा दांडा असलेल्याच वाहनांना परवानगी दिली, त्यामुळे तिथे हे चाक सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे माझा सल्ला स्पष्ट आहे: सोसायटीचं आवार, कमिटीच्या लेखी परवानगीने, आणि खासगी मोकळ्या जागा. शिवाय गर्दीच्या लोकलमध्ये सुमारे १४ किलोचं चाक उचलून चढणं हे तुम्हालाही त्रासाचं आणि बाजूच्यांनाही.

आवारातसुद्धा मुलं खेळत असताना किंवा आजी-आजोबा फिरत असताना बाहेर काढायची घाई करू नका. मी शिकणाऱ्याला मैदानाबाहेर सोडण्याआधी चार गोष्टी करून दाखवायला लावतो. आधाराशिवाय लागोपाठ दहा वेळा चढणं, एकदाही न चुकता. दोन गाड्यांच्या पार्किंगएवढ्या रुंदीत आठाचा आकडा. ताशी पंधराच्या वेगातून मी हात वर केल्यावर चार-पाच मीटरमध्ये थांबणं. आणि सरळ जाताना खांद्यावरून मागे वळून, मी मागे किती बोटं धरली आहेत ते सांगणं, चाक न डगमगता. चौथीला सर्वांत जास्त वेळ लागतो, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जमते. वहिनींना हे चार मुद्दे दाखवा आणि परीक्षा त्यांनाच घेऊ द्या; मागे उभं राहून बोटं धरायला आणि रिस्ट गार्ड घातली आहेत का ते बघायला कोणीतरी लागतंच. या रविवारी मात्र चाक कोर्टवर न्या, पट्टा बांधा, आणि फक्त उजव्या पायावर तीनपर्यंत मोजा.